वजन वेगळं, नंबर तोच
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'विज्ञानविषयक व्याख्यान' असं छापलंय. काल भावगीतं झाली, उद्या पाककृती स्पर्धा आहे, आणि मधे हे. सचिवांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी मेटलर्जीचा डिप्लोमा केलेला माणूस, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी करतो, मला कशाला उभं करता? ते म्हणाले, भंगाराबद्दल बोला. तुम्ही रोज तेच बघता आणि इथल्या निम्म्या लोकांचं पोट त्यावरच चालतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रायपुरात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी कोणी ना कोणी रेल्वेत असतो, नाहीतर उरला-सिलतराच्या एखाद्या भट्टीवर. भंगार एकीकडून निघतं आणि दुसरीकडे वितळतं.

तेव्हा आज भंगाराबद्दलच बोलणार आहे, पण सुरुवात जरा लांबून करतो. प्रश्न आठवीच्या पुस्तकातला आहे: एकाच मूलद्रव्याच्या सगळ्या अणूंमध्ये समान काय असतं? उत्तर एका ओळीचं आहे. पण ते न कळल्यामुळे दिल्लीच्या एका भंगार बाजारात माणूस मेलेला आहे, म्हणून ही ओळ नीट समजून घ्यायची.

आधी आपल्या बाप्पांकडे बघू. मंडळाची मूर्ती शाडूची आहे, त्याबद्दल कार्यकारिणीचं अभिनंदन. शेजारच्या गल्लीतली प्लास्टरची आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम, गंधक, प्राणवायू आणि थोडंसं पाणी. आपल्या हाडांतही कॅल्शियम, दुधात कॅल्शियम, पानाला लावतो त्या चुन्यातही कॅल्शियम. मूर्तीतला कॅल्शियमचा अणू आणि आजीच्या गुडघ्यातला कॅल्शियमचा अणू समोरासमोर ठेवले, तर कोणता कुठला हे ओळखता येणार नाही. प्लास्टर पाण्यात लवकर विरघळत नाही आणि शाडू विरते, हा फरक अणू एकमेकांशी कसे जोडलेत याचा. कॅल्शियम दोन प्रकारचा आहे असं नाही.

लोखंडाचं तर आपल्याला रोजचंच. दल्ली-राजहराच्या खाणीतला लाल दगड भिलाईला जातो, तिथे त्याचा रूळ होतो, रूळ पावसात गंजतो, झिजतो, शेवटी लिलावात जातो आणि एखाद्या भट्टीत पुन्हा वितळून सळई होऊन कोणाच्या तरी स्लॅबमध्ये बसतो. या सगळ्या प्रवासात लोखंडाचा अणू लोखंडाचाच राहतो. गंज म्हणजे लोखंड मेलं असं आपण म्हणतो, पण गंजातही लोखंडच असतं, त्याने फक्त प्राणवायूचा हात धरलेला असतो. त्यात त्याचे दोन-तीन इलेक्ट्रॉन गेलेले असतात, तरीही तो लोखंडच. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही तोच.

मग त्याला लोखंड कशामुळे म्हणायचं? चकाकीमुळे नाही, गंजात चकाकी नसते. चुंबकाला चिकटतं म्हणूनही नाही, रक्त कुठे चिकटतं? इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरूनही नाही, कारण ती आत्ताच म्हटल्याप्रमाणे कमी-जास्त होते. आणि वजनावरूनही नाही. या शेवटच्या 'नाही'ने शास्त्रज्ञांनाही शंभर वर्षं चकवलं.

अणूच्या मधोमध एक केंद्र असतं. अणूच्या मानाने ते फार लहान. लोखंडाच्या अणूचं केंद्र वाटाण्याएवढं केलं, तर अख्खा अणू जवळपास दोनशे मीटर रुंद होईल. म्हणजे एखाद्या मोठ्या मैदानाच्या मधोमध एक वाटाणा, आणि अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या वाटाण्यात. या केंद्रात दोन प्रकारचे कण असतात. प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो, न्यूट्रॉनवर काहीच नसतो, वजनाला दोघं जवळपास सारखे. भोवतीच्या रिकाम्या जागेत ऋण भाराचे इलेक्ट्रॉन, आणि अणू शांत असताना त्यांची संख्या प्रोटॉनांइतकीच.

एका मूलद्रव्याच्या प्रत्येक अणूत प्रोटॉनांची संख्या सारखी असते. हीच ती एक ओळ. लोखंडात २६, कोबाल्टमध्ये २७, निकेलमध्ये २८, तांब्यात २९. याला अणुक्रमांक म्हणतात. साडेसव्वीस प्रोटॉनवालं काही नसतं. २६ चे २७ झाले की ते लोखंड उरत नाही. न्यूट्रॉन मात्र कमी-जास्त असू शकतात. निसर्गात लोखंडाच्या शंभर अणूंपैकी सुमारे ९२ अणूंत ३० न्यूट्रॉन असतात, पाच-सहांत २८, दोनेक अणूंत ३१ आणि अगदी क्वचित एखाद्यात ३२. तुमच्या घरच्या कढईतही हे चारही आहेत. ते वेगळे काढून दाखवा म्हटलं, तर कोणत्याही गृहिणीला किंवा कोणत्याही इंजिनीअरला दाखवता येणार नाहीत.

आपल्या लाइनीतलं उदाहरण देतो. बॉक्सएन वॅगन सगळ्यांनी पाहिलीय. रिकामी असते तेव्हा सुमारे साडेबावीस टन, कोळसा भरला की एक्क्याऐंशी टनांच्या वर. पण तिचा प्रकार बदलतो का? अंगावर रंगवलेल्या नंबरातले पहिले दोन आकडे प्रकाराचे, ते तेच राहतात. दोन वॅगन जोडताना कपलर कपलरला लागतो, आत कोळसा आहे की हवा, याची कपलरला फिकीर नसते. प्रोटॉनांची संख्या म्हणजे ते प्रकाराचे आकडे, इलेक्ट्रॉन म्हणजे कपलर आणि न्यूट्रॉन म्हणजे आतला माल. एक अणू दुसऱ्याशी जोडला जातो तो बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी, आणि ते किती व कसे असायचे हे ठरवतो केंद्रातल्या प्रोटॉनांचा भार. म्हणून न्यूट्रॉन कमी-जास्त असले तरी रसायनशास्त्र तेच राहतं. वजनाचा फरक कळतो तो चढावर आणि ब्रेक लावताना.

उपमा आहे, ती फार ताणू नका. वॅगनचं वजन भरल्यावर साडेतीनपट होतं, लोखंडाच्या अणूंत हलक्यापासून जडापर्यंत सात-आठ टक्केच फरक असतो. आणि कोळसा जास्त भरला म्हणून वॅगन आपोआप दुसऱ्या प्रकारची होत नाही. अणूंच्या बाबतीत तसंही घडतं, त्याकडे येतो.

हे कळलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. १८०८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन डाल्टनने मांडलं की एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे असतात, वजनानेही सारखे. (आपल्याकडे कणादांनी परमाणूंचा विचार त्याच्या फार आधी केला होता, हे मला प्रश्नोत्तरात नक्की ऐकायला मिळेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. पण वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज, वायू यांचे होते, त्यांची वाटणी वेगळी होती. त्यांचं श्रेय त्यांना द्यावं, डाल्टनचं डाल्टनला.) पुढे १८६९ मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यं वजनाच्या क्रमाने मांडून तक्ता केला. तक्ता इतका चांगला बसला की रिकाम्या जागांवरून त्याने न सापडलेल्या मूलद्रव्यांचं भाकीत केलं. पण दोन-तीन ठिकाणी क्रम अडायचा. कोबाल्टचा अणुभार ५८.९३ आणि निकेलचा ५८.६९. वजनाने लावलं तर निकेल आधी यायला हवं, गुणधर्मांनी बघितलं तर कोबाल्ट आधी. टेल्युरियम आणि आयोडीनचंही तसंच. पाहुण्यांच्या पंगतीत वयाने बसवायचं की नात्याने, असा तो पेच होता.

तो सोडवला हेन्री मोझ्ली या पंचविशीतल्या इंग्रज मुलाने. मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत होता. त्याने काय केलं, तर वेगवेगळ्या धातूंचे तुकडे एका निर्वात नळीत ठेवले आणि त्यांच्यावर इलेक्ट्रॉन आपटवून प्रत्येकातून निघणारे क्ष-किरण मोजले. नळी दर वेळी उघडून धातू बदलायचा तर पुन्हा हवा काढण्यात वेळ जाणार. म्हणून त्याने सगळे तुकडे एका छोट्या अॅल्युमिनियमच्या ट्रॉलीवर ओळीने बसवले आणि मासे पकडायच्या रेशमी दोरीने ती ट्रॉली आतल्या आत पुढे-मागे ओढली. ट्रॉली म्हटल्यावर आपल्या पी-वेवाल्यांचे कान टवकारलेले दिसतायत. तर अशा ट्रॉलीवर त्याने १९१३ मध्ये कॅल्शियमपासून जस्तापर्यंतची मूलद्रव्यं तपासली आणि पुढच्या वर्षी, ऑक्सफर्डला गेल्यावर, अॅल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत मजल मारली.

त्याला दिसलं ते असं. क्ष-किरणाच्या वारंवारितेचं वर्गमूळ काढलं, की एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना ते दर वेळी सारख्याच पायरीने वाढतं. वजनात मात्र अशी सारखी पायरी नाही, ते कधी दोनने वाढतं, कधी चारने, कधी उलट कमी होतं. याचा अर्थ अणूत अशी काहीतरी गोष्ट आहे जी एकेकाने मोजली जाते. ती म्हणजे केंद्रावरचा भार. कोबाल्ट २७ वा, निकेल २८ वा, वाद मिटला. तोवर अणुक्रमांक म्हणजे नुसता यादीतला अनुक्रम होता, बाजाराच्या यादीत साखर तिसरी असते तसा. मोझ्लीनंतर तो अणूच्या आतला, मोजता येणारा आकडा झाला. यादीत ४३, ६१, ७५ या जागा रिकाम्या आहेत हेही त्यातून दिसलं. नंतर १९२५ मध्ये ७५ वं सापडलं, १९३७ मध्ये ४३ वं, १९४५ मध्ये ६१ वं. यातलं ४३ वं, टेक्नेशियम, आज मोठ्या इस्पितळांत हाडांच्या स्कॅनसाठी शिरेतून देतात.

मोझ्लीने हे सगळं पाहिलं नाही. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर तो सैन्यात दाखल झाला आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७. कोबाल्टचा नंबर. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये, पण मला तो विसरता येत नाही.

त्याच १९१३ साली ग्लासगोमध्ये फ्रेडरिक सॉडीने दुसरी बाजू मांडली: काही अणूंची वजनं वेगळी असली तरी रसायनाने ते वेगळे करताच येत नाहीत, ते तक्त्यात एकाच जागी बसतात. मार्गारेट टॉड नावाच्या डॉक्टर बाईंनी त्याला यासाठी एक ग्रीक शब्द सुचवला. त्याचा अर्थ 'तीच जागा'. मराठीत आपण समस्थानिक म्हणतो, हुबेहूब तोच अर्थ. भाषांतर करणाऱ्याला माझा सलाम. १९१४ मध्ये अमेरिकेत रिचर्ड्स यांनी युरेनियमच्या खनिजातून काढलेलं शिसं तोललं. साध्या शिशाचा अणुभार २०७.२, याचा २०६ च्या आसपास. आणि दोन्ही शिशांच्या रासायनिक चाचण्या अगदी एकसारख्या. न्यूट्रॉन हा कण चॅडविकला सापडायला १९३२ उजाडलं, तेव्हा कुठे जादा वजन कोणाचं ते कळलं.

आता व्यवहारात याचं काय होतं ते पाहू. आमच्या प्रयोगशाळेत पोलादाचा नमुना तपासताना त्यावर विजेची ठिणगी पाडतात आणि निघालेला प्रकाश यंत्र फोडून बघतं. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषा ठरलेल्या, त्यावरून कार्बन किती, मँगेनीज किती ते काही सेकंदांत छापून येतं. रुळाच्या पोलादात कार्बन साधारण ०.६ ते ०.८ टक्के हवा, तो तिथे कळतो. हे यंत्र काम करतं ते याच ओळीच्या भरवशावर. लोखंड दल्ली-राजहराचं असो की ऑस्ट्रेलियाचं, २६ प्रोटॉन म्हटले की रेषा त्याच. पण याचाच उलटा अर्थ असा, की न्यूट्रॉन किती आहेत हे त्या यंत्राला दिसत नाही. कोबाल्ट ०.०२ टक्के आहे एवढं ते सांगेल. कोणता कोबाल्ट, ते सांगणार नाही.

युरेनियमचंही असंच. खाणीतल्या युरेनियमच्या हजार अणूंत सातच २३५ वजनाचे, बाकी जवळपास सगळे २३८ चे. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांना २३५ चं प्रमाण वाढवलेलं इंधन लागतं, आणि दोघांचं रसायन एकच असल्यामुळे ते वेगळे करणं महाकर्मकठीण, शंभरात एक-सव्वा टक्क्याच्या वजनफरकावर सगळा खेळ. फक्त हायड्रोजन थोडा अपवाद. त्यात एक न्यूट्रॉन आला की वजन थेट दुप्पट होतं, म्हणून त्याचं वागणंही जरा बदलतं आणि जड पाणी वेगळं काढणं जमतं. रायगड जिल्ह्यात थळला त्याचा कारखाना आहे. रायगड म्हणजे आपला कोकणातला, छत्तीसगडचं रायगढ नव्हे, नाहीतर कोणी उद्या पॅसेंजर पकडून बघायला जाईल.

औषधात या सारखेपणाचा फायदा घेतात. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. मिठातलं आयोडीन १२७ वजनाचं, साधं. डॉक्टर १३१ वजनाचं देतात, ते किरणोत्सारी असतं. ग्रंथीला फरक कळत नाही, ५३ प्रोटॉन दिसले की ती घेते. आत गेल्यावर ते आयोडीन रोगट पेशी जाळतं. आठ दिवसांत निम्मं संपतं. शरीर फसतं म्हणून माणूस वाचतो.

आणि आता कोबाल्ट, ज्यासाठी मी उभा आहे. निसर्गात कोबाल्ट एकाच प्रकारचा, ५९ वजनाचा, २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन. अगदी निरुपद्रवी. निळ्या काचेत असतो, चुंबकात असतो, ब-१२ जीवनसत्त्वातही असतो. तो अणुभट्टीत ठेवला की एक न्यूट्रॉन गिळतो आणि ६० वजनाचा होतो. राजस्थानात रावतभाट्याच्या भट्ट्यांत हे करतात, कारण कर्करोगाच्या उपचाराला आणि इंजेक्शनच्या सुया वगैरे निर्जंतुक करायला तो लागतो. कोबाल्ट-६० दिसायला कसा? कोबाल्टसारखाच. तीच रुपेरी चकाकी, तोच कठीणपणा, वास नाही, चव नाही. पण त्याचं केंद्र अस्थिर असतं. आतला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो. २७ चे २८ झाले, म्हणजे तो अणू आता निकेल झाला! मघाशी म्हटलं होतं ना, माल भरल्यावर वॅगनचा प्रकारच बदलतो, तो हा प्रकार. आणि त्या क्षणी जे गॅमा किरण निघतात ते काही सेंटिमीटर जाडीच्या पोलादातूनही आरपार जातात. माणूस तर काय, पाण्याची पिशवीच. सव्वापाच वर्षांत निम्मे अणू असे निकेल होतात, पुढच्या सव्वापाच वर्षांत उरलेल्यांतले निम्मे.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय घडलं, ते तेव्हा पेपरात आलं होतं. एका शिक्षणसंस्थेने १९७० च्या सुमारास संशोधनासाठी कोबाल्ट-६० चं यंत्र घेतलं होतं. १९८५ नंतर ते वापरातच नव्हतं. पंचवीस वर्षांत माणसं निवृत्त झाली, खोली बदलली, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते इतर जुन्या सामानाबरोबर लिलावात निघालं. भंगारवाल्याला काय दिसलं? भरपूर शिसं, चांगलं पोलाद आणि आत चकचकीत धातूच्या कांड्या. शिशाला भाव असतो. कामगारांनी ते फोडलं, कांड्या कापल्या. एका व्यापाऱ्याने छान तुकडा दिसला म्हणून पाकिटात घालून खिशात ठेवला. काही दिवसांत लोकांना उलट्या, कातडी काळी पडणं, केस गळणं सुरू झालं. एक कामगार दगावला, अनेक जण महिनोन् महिने इस्पितळात होते.

हिशोब करा. चाळीस वर्षं म्हणजे साडेसात अर्धायुष्यं. मूळ कोबाल्ट-६० चा जवळपास दोनशेवा भागच उरला होता. तेवढ्याने हे झालं.

या माणसांना अडाणी म्हणून मोकळं व्हायचं आणि गप्प बसायचं, हे मला पटत नाही. भंगारवाल्याचं धातूचं ज्ञान आपल्यापेक्षा चांगलं असतं. नुसत्या घासल्याच्या ठिणगीवरून तो पोलादाची जात सांगतो, हातात घेऊन पितळ की गनमेटल सांगतो. पण त्याच्या सगळ्या परीक्षा प्रोटॉन ओळखणाऱ्या आहेत. रंग, कठीणपणा, ठिणगी, आम्ल टाकल्यावरचा फेस, हे सगळं २७ या आकड्याशी बांधलेलं. ३२ आणि ३३ न्यूट्रॉनांतला फरक यातल्या एकाही परीक्षेत दिसत नाही. मीही तिथे असतो तर हाताने ओळखू शकलो नसतो. त्याला वेगळं यंत्रच लागतं.

आता भट्टीवाल्यांसाठी. समजा अशी कांडी भंगाराबरोबर भट्टीत गेली, तर? वितळल्याने किरणोत्सार जात नाही, कारण उष्णता पोचते इलेक्ट्रॉनांपर्यंत, केंद्राला सोळाशे अंशांचा पत्ताही लागत नाही. मग तो जातो कुठे? तर कोबाल्ट जिथे जातो तिथे. तांबं एकदा मेल्टमध्ये शिरलं की निघत नाही, हे आपल्या मेल्टरांना तोंडपाठ आहे. कोबाल्टचंही तसंच. त्याला प्राणवायूची ओढ लोखंडापेक्षा कमी, म्हणून तो स्लॅगमध्ये न जाता पोलादातच मिसळून राहतो. सगळ्या हीटमध्ये सारखा पसरतो. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला, त्यांचं पोलाद भारतातून गेलं होतं. रोज बोट लावायची बटणं!

याउलट सीझियम. मे १९९८ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्यात सीझियम-१३७ चा स्रोत भंगारातून भट्टीत गेला. गेटवरच्या यंत्राने तो पकडला नव्हता. सीझियम कमी तापमानाला उकळतो, त्याची वाफ धुराड्यातून गेली. पोलाद स्वच्छ राहिलं, धूळ गोळा करायच्या फिल्टरमध्ये सीझियम साचला, आणि थोडा हवेतून फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनीपर्यंत पोचला. तिथल्या हवेच्या मापकांवर आधी कळलं, आणि मग माग काढत स्पेनपर्यंत आले. म्हणजे बघा, किरणोत्सारी अणू भट्टीत कुठे जाईल हे ओळखायला अणुशास्त्रज्ञ लागत नाही, नेहमीचं साधं मूलद्रव्य कुठे जातं ते माहीत असलं की पुरे. कोबाल्ट बिलेटमध्ये शोधा, सीझियम फिल्टरच्या धुळीत, रेडियम स्लॅगमध्ये. मेल्टरला हे आधीच माहीत असतं, फक्त माहीत आहे हे माहीत नसतं.

तेव्हा माझी विनंती एवढीच. आवारात, डेपोत, कुठेही लहान आकाराची पण अंगाबाहेर जड वस्तू दिसली, शिशाचं जाड वेष्टण दिसलं, पिवळ्यावर तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली किंवा खुणेची खरवडलेली पाटी दिसली, तर गॅसकटर लावू नका. हात लावू नका. लांब व्हा, माणसं लांब करा, वरिष्ठांना आणि पोलिसांना कळवा, पुढे अणुऊर्जा नियामक मंडळाची माणसं येतात. लांब होण्याचा फायदा साध्या गणिताचा आहे, अंतर दुप्पट केलं की मार चौथा हिस्सा होतो. आणि जिथे गेटवर किरणोत्सार मोजणारं यंत्र बसवलंय तिथे ते वाजतं म्हणून बंद करून ठेवू नका. ट्रकांची रांग लागते, ड्रायव्हर ओरडतात, हे मला ठाऊक आहे.

तुमच्यापैकी काही जण वाट बघत असतील की मी आता म्हणेन, पाहा, अणूचं वजन बदललं तरी नंबर तोच, तसे आपण मराठी माणसं तीन पिढ्या छत्तीसगडात राहून पोह्यांबरोबर फरा खाऊ लागलो तरी वगैरे. मी ते म्हणणार नाही. अणूला माहेर-सासर नसतं. त्याच्याकडून आपल्यासाठी भाषण काढून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

[व्याख्यानानंतर काही प्रश्न आले. त्यांतले तीन इथे देत आहे.]

एका काकूंनी विचारलं, गॅमा किरण लागलेला माणूस घरी आला तर घरच्यांना त्याच्यापासून धोका असतो का? उत्तर: कोबाल्ट-६० चे किरण अंगावर पडल्याने माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही, दिव्याचा उजेड पडल्याने आपण दिवा होत नाही तसं. धोका तेव्हा, जेव्हा स्रोताची भुकटी कपड्यांना, केसांना, हाताला लागून आली असेल. म्हणून आधी कपडे काढून वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतात आणि अंघोळ घालतात.

सिलतराच्या एका भाऊंनी विचारलं, आमच्या प्रयोगशाळेत नमुना लावतो त्यात कळणार नाही का? उत्तर: नाही, आणि हे पुन्हा सांगायला मला हरकत नाही. ते यंत्र मूलद्रव्य ओळखतं, समस्थानिक नाही. त्यासाठी वेगळा मापक लागतो, तो हातात धरण्याएवढाही मिळतो. प्रत्येक हीटचा नमुना त्याच्यासमोर धरायला अर्धा मिनिट पुरतो.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, लोखंडाच्या दोन अणूंत दोघांचे न्यूट्रॉनही सारखेच असतील, तर मग त्यांच्यात काहीतरी फरक असेलच ना, दोन जुळ्या भावांत असतो तसा? मला आलेला हा सगळ्यांत चांगला प्रश्न. उत्तर: नसतो. जुळ्यांत तीळ, आवाज, काहीतरी वेगळं सापडतंच. पण २६ प्रोटॉन आणि ३० न्यूट्रॉनांचे दोन अणू शांत अवस्थेत असतील, तर त्यांच्यावर झीज नसते, ओरखडा नसतो, वय नसतं. एक काल भट्टीतून निघालेला आणि दुसरा कोट्यवधी वर्षं डोंगरात पडलेला असला तरी ओळखायची काहीच सोय नाही. दोघांची अदलाबदल केली तर अदलाबदल झाली हेदेखील कोणाला कळणार नाही, कितीही चांगलं यंत्र आणलं तरी. ती म्हणाली, मग त्यांना दोन का म्हणायचं? मी म्हटलं, मोजल्यावर दोन भरतात म्हणून. तिचं समाधान झालं नाही. तेवढ्यात आरतीची घंटा झाली.